चित्राची चौकट आणि पाकिटावरचे शब्द



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितलेला विषय ऐकून त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेचा माणूस म्हटला की तो बोनसवर, महागाईभत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते, आणि ती काही चुकीची नाही. परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते चित्रपटाच्या डीव्हीडीच्या पाकिटावर छापलेल्या चार-दोन शब्दांविषयी. ‘वाइडस्क्रीन’, ‘फुल स्क्रीन’, ‘२.३५:१’, ‘१६:९ टीव्हीसाठी’ असे ते शब्द. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत अशी पाकिटे घरोघरी माळ्यावर पडून आहेत. ती विकणारी दुकाने बहुतेक बंद झाली; पण ते शब्द गेले नाहीत. ते आता टीव्हीच्या रिमोटवर आणि फोनच्या पडद्यावर येऊन बसले आहेत. या शब्दांचा अर्थ काय, आणि तो आपण का समजून घ्यावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आम्ही या विषयाकडे वळलो ते एका फोटोमुळे. तो प्रसंग आधी सांगतो.

१९९४ साली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या दाराशी आमचा लढा चालला होता. तो कारखाना आता नाही. तडजोड झाली त्या दिवशी सर्वांचा एकत्र फोटो काढला. माणसे पुष्कळ, म्हणून फोटो चांगला लांबलचक झाला; उंची बारा इंच आणि रुंदी अठ्ठावीस इंच. कचेरीत लावण्यासाठी तो फ्रेमवाल्याकडे दिला. त्याच्याकडे तयार फ्रेम होती ती बारा इंच बाय सोळा इंचांची. त्याने फोटोच्या दोन्ही टोकांकडचे सहा-सहा इंच कापले आणि फोटो फ्रेममध्ये छान बसवून दिला. काचेखाली कोठे रिकामी जागा नाही, सगळी फ्रेम भरलेली. आम्हां सर्वांना तो पसंत पडला. कितीतरी वर्षे तो आमच्या डोक्यामागे भिंतीवर होता.

मग एक दिवस कल्याणच्या कोळसेवाडीतून एक बाई आल्या. यजमान नुकतेच वारले होते. फंडाच्या कागदांवर सह्या हव्या होत्या. सह्या झाल्यावर त्या फोटोजवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवून एकेक चेहरा पाहू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “भाऊ, आमचे हे या फोटोत होते. घरी येऊन मला सांगितलं होतं त्यांनी, अगदी टोकाला उभा आहे म्हणून.” आम्ही म्हणालो, “असतील वहिनी, नीट बघा.” त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिले. ते नव्हते. त्या दिवशी प्रथमच आम्हांस आठवले की फोटोची दोन्ही टोके कापलेली आहेत. टोकाला कोण उभे होते? माल चढवणारे हमाल, कॅन्टीनमधली पोरे, झाडू मारणाऱ्या दोन बाया. मधोमध पुढारी होते, आणि त्यांच्यात आम्हीही होतो. आमचा चेहरा शाबूत होता, म्हणून इतकी वर्षे आम्हांस काहीच कमी दिसले नाही.

त्यानंतर आम्ही पडद्यावरच्या चौकटीविषयी जे हाती लागेल ते वाचू लागलो. शाळा लवकर सुटलेल्या माणसाचे वाचन असते तसेच आमचे आहे. पण या विषयात त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही. तेव्हा कोणी बिचकण्याचे कारण नाही.

प्रथम ‘२.३५:१’ म्हणजे काय ते पाहू. चित्राची रुंदी त्याच्या उंचीच्या किती पट, एवढेच तो आकडा सांगतो. दहा फूट उंचीचा पडदा कल्पावा. तो १.३३:१ असेल तर त्याची रुंदी तेरा फुटांवर चार इंच. यालाच ४:३ असेही लिहितात. तो १.८५:१ असेल तर रुंदी साडेअठरा फूट. २.३५:१ असेल तर साडेतेवीस फूट. म्हणजे उंची तीच, पण खोली तेवढी लांब. हा आकडा चित्राचा आकार सांगतो, चित्र मोठे की लहान ते सांगत नाही. हाताच्या तळव्याएवढ्या फोनवरही २.३५:१ चे चित्र असू शकते.

आता हे वेगवेगळे आकार आले कोठून? कल्याण हे रेल्वेचे गाव आहे, म्हणून रेल्वेचीच उपमा देतो. आपल्या मोठ्या लाइनीच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते आणि नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांमध्ये ६१० मिलिमीटर. त्याला आपण गेज म्हणतो. चित्रपटाच्या फितीलाही गेजच म्हणतात, आणि जगभर रूढ झाले ते ३५ मिलिमीटरचे गेज. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या साहाय्यकाने १८९०च्या सुमारास ही फीत बसवली. तिच्या दोन्ही कडांना भोके आणि मध्ये सुमारे एक इंच रुंद व पाऊण इंच उंच असे एकेक चित्र. एक भागिले पाऊण म्हणजे १.३३. फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच चौकटीतला.

१९३१ साली ‘आलम आरा’ने आपल्याकडे बोलपट आला. आवाजाची पट्टी फितीवरच चित्राच्या शेजारी बसवावयाची, तेव्हा चित्राची थोडी जागा गेली. ती ओढाताण मिटवण्यासाठी १९३२ साली अमेरिकेतल्या अकादमीने १.३७:१ हे प्रमाण ठरवले. पहिल्या प्रमाणात आणि यात फरक अगदी थोडा. म्हणून प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ घ्या, १९५३चा ‘श्यामची आई’ घ्या, त्यांचे चित्र जवळजवळ चौरसाकडे झुकणारे दिसते. पुढे टीव्ही आला तो सिनेमाच्याच या चौकटीवरून ४:३ आकाराचा केला गेला. मुंबईला दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या घरातला प्रत्येक टीव्ही ४:३च होता.

अमेरिकेत मात्र टीव्ही आपल्या आधी घरोघर पोहोचला आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. घरच्या खोक्यात न मावणारे काहीतरी दाखवले पाहिजे, म्हणून सिनेमावाल्यांनी पडदा रुंद केला. सप्टेंबर १९५३ मध्ये ‘द रोब’ हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट लागला. त्यातली युक्ती हेन्री क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची. कॅमेऱ्यापुढे अशी काच लावावयाची की तिच्यातून दृश्य आडवे निम्मे चेपले जाते. त्यामुळे रुंद दृश्य त्याच ३५ मिलिमीटरच्या फितीवर मावते. दाखवताना यंत्रापुढे उलटी काच लावली की ते पुन्हा पसरते. या चेपण्या-पसरण्याला ‘अ‍ॅनामॉर्फिक’ म्हणतात. सतरंजी घडी करून न्यावी आणि सभेच्या जागी उलगडावी, तसाच हा प्रकार. सिनेमास्कोपचे प्रमाण सुरुवातीला २.५५ होते, मग २.३५ झाले, १९७०नंतर २.३९ झाले. पाकिटावर २.३५, २.३९, २.४० यांपैकी काहीही असले तरी वस्तू एकच समजावी. ज्यांना ही काच परवडत नव्हती त्यांनी साध्याच चित्राचे वर-खाली थोडे झाकून रुंदपणा आणला. त्यातून अमेरिकेत १.८५ आणि युरोपात १.६६ रूढ झाले.

आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९चा ‘कागज़ के फूल’. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती. पुढे फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिलेच छायाचित्रकार. त्या चित्रपटातला रिकाम्या स्टुडिओचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. वरून प्रकाशाचा एक झोत तिरपा खाली उतरतो आणि नायक-नायिका एकमेकांपासून दूर उभी असतात. दोघांमध्ये जे अंतर आहे तेच त्या प्रसंगात सांगावयाचे आहे. त्या अंतरासाठीच ती रुंद चौकट.

तेव्हाच्या थिएटरांतली एक गंमत आपणांस ठाऊक असेल. ठाण्यात वंदना टॉकीजचे नाव अजून एस.टी.च्या थांब्याला चिकटून आहे. तशा एकपडदा थिएटरांत जाहिराती चालत तेव्हा पडद्याच्या बाजूची मखमल आत असे, आणि सिनेमास्कोप सुरू झाला की ती दोन्ही बाजूंस सरकत जाई. पिटातले लोक शिट्ट्या मारीत. पडदा चित्राप्रमाणे बदलत होता. घरी मात्र टीव्हीची काच सरकत नाही. चित्र बदला, नाहीतर जागा रिकामी सोडा, असे दोनच मार्ग राहतात. पाकिटावरचे सगळे शब्द या एका अडचणीतून जन्मले आहेत.

१९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याचे ते दिवस. मुंबईतले शेमारू हे १९६२ साली पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय होते. १९७९ साली तेही व्हिडिओ देऊ लागले. पुढे व्हीसीडी आली, डीव्हीडी आली. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढल्या, तेव्हा कामगाराच्या घरातही चित्रपटांचा संग्रह होऊ लागला. हे चांगलेच झाले. पण त्या पाकिटात नेमके काय आहे, हे सांगणारा कोणी नव्हता.

रुंद चित्र ४:३च्या टीव्हीवर बसवण्याचे दोन मार्ग सांगितले. पहिला म्हणजे चित्र पूर्ण ठेवावयाचे आणि वर-खाली काळ्या पट्ट्या सोडावयाच्या. पत्रपेटीच्या फटीसारखे ते दिसते, म्हणून त्याला ‘लेटरबॉक्स’ म्हणतात. पाकिटावर ‘वाइडस्क्रीन’ लिहितात. दुसरा म्हणजे टीव्ही पूर्ण भरावयाचा आणि चित्राच्या कडा कापावयाच्या. ज्या बाजूला पात्र बोलत असेल त्या बाजूला चौकट सरकवीत न्यावयाची. याला ‘पॅन अँड स्कॅन’ म्हणतात. पाकिटावर मात्र ‘फुल स्क्रीन’ हा गोड शब्द येतो.

आता हिशेब करा. १.३३ भागिले २.३५, म्हणजे ५७ टक्के. ‘फुल स्क्रीन’मध्ये सिनेमास्कोप चित्राचा ५७ टक्के भाग उरतो आणि ४३ टक्के जातो. आमच्या फोटोचेही तेच. अठ्ठावीस इंचांपैकी सोळा उरले, म्हणजे ५७ टक्के. फ्रेमवाल्याने नकळत आमच्या फोटोचे पॅन अँड स्कॅन केले होते. ‘फुल’ हा शब्द खरा आहे, पण तो टीव्हीच्या काचेविषयी खरा आहे, चित्राविषयी नव्हे. आणि ज्या काळ्या पट्ट्यांना आम्ही वर्षानुवर्षे ‘कापलेला भाग’ समजत होतो, त्या पट्ट्यांत काहीच कापलेले नव्हते. पट्टी दिसते म्हणून ती फसवणूक वाटते. कपात दिसत नाही म्हणून ती कपात वाटत नाही.

पगाराच्या चिठ्ठीवर एकूण पगार, कपात आणि हाती येणारी रक्कम असे तीन रकाने असतात. कपातीचा रकानाच छापला नाही आणि हाती पडलेल्या रकमेवर ‘पूर्ण पगार’ असे लिहिले, तर आपण सही कराल काय? ‘फुल स्क्रीन’ हा शब्द म्हणजे कपातीचा रकाना नसलेली चिठ्ठी.

परंतु दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. चाळीतली दहा बाय बाराची खोली, एकवीस इंची टीव्ही, आणि समोर दहा-बारा माणसे. एकवीस इंच हा कर्ण असतो. त्या काचेची रुंदी भरते सुमारे १६.८ इंच आणि उंची १२.६ इंच. त्यावर सिनेमास्कोप पूर्ण दाखवला तर चित्राची उंची उरते जेमतेम सात इंच. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला चेहरे ओळखू येत नाहीत. त्याने ‘फुल स्क्रीन’ मागितले तर त्यास अडाणी म्हणणारे आम्ही कोण? टीव्ही पूर्ण पैसे देऊन घेतला आहे, अर्धा बंद का, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. आमची तक्रार त्याने निवड केली ही नाही. त्याला निवड करता येण्याइतकी माहिती पाकिटावर नव्हती, ही आहे.

आणि ‘फुल स्क्रीन’ म्हणजे दर वेळी कपातच असते असेही नाही. यासाठी पाकीट हातात घेतल्यावर पहिल्याने चित्रपटाचे साल पाहावे. ‘संत तुकाराम’वर ‘फुल फ्रेम’ लिहिले असेल तर ते पूर्ण सत्य आहे. त्याची मूळ चौकटच ती. आपल्याकडे १९५९पूर्वीच्या चित्रपटावर कोणी ‘वाइडस्क्रीन’ छापले असेल, तर उलट तेथेच शंका घ्यावी. कारण जुन्या चौकटीतून रुंद चित्र करावयाचे तर वर-खाली कापावे लागते. ‘मुग़ल-ए-आज़म’ १९६० साली आला तो जुन्या चौकटीत. २००४ साली तो रंगीत करून पुन्हा लावला तेव्हा सिनेमास्कोपच्या रुंदीत बसवला. रंग वाढले, पण चौकटीची उंची कमी झाली.

तिसरा प्रकार ‘शोले’चा. तो १९७५ साली ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आला, पण त्याचे छायाचित्रण झाले होते साध्या ३५ मिलिमीटरच्या फितीवर, जवळजवळ चौरस चौकटीत. आगगाडीवरच्या हल्ल्याचा प्रसंग तर आपल्या शेजारी, पनवेलजवळच्या लोहमार्गावर घेतला. छायाचित्रण करतानाच रुंद चौकटीच्या सीमा खुणा करून ठरवल्या होत्या, आणि पुढे त्या सीमेत चित्र कापून ते २.२०:१ या प्रमाणात मोठे केले. अशा चित्रपटाची ४:३ प्रत निघाली तर तिच्यात वर-खाली चित्र अधिकच दिसू शकते. कोणी म्हणेल, मग उत्तमच! पण ते अधिकचे चित्र दिग्दर्शकाने दाखवावयाचे म्हणून घेतलेले नसते. तेथे फुकटचे आभाळ असते, कधी एखादी दिव्याची तार. जेवणात भात अधिक वाढला म्हणून भाजी चांगली होत नाही. २०२५ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘शोले’ची दुरुस्त केलेली नवी प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली ती २.२०:१ याच मूळ प्रमाणात.

आता राहिला ‘१६:९ टीव्हीसाठी’ किंवा ‘अ‍ॅनामॉर्फिक वाइडस्क्रीन’ हा शब्द. १९८०च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवण्याची वेळ आली, तेव्हा केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने रूढ असलेले सगळे आकार कागदावर एकावर एक काढून पाहिले आणि सर्वांना कमीत कमी त्रास होईल असा मधला आकार सुचवला. १.३३ गुणिले २.३५ करून वर्गमूळ काढा, १.७७ येते. तेच १६:९. ही तडजोड होती. वाटाघाटींत असते तशी. कोणाचेच पूर्ण समाधान नाही आणि कोणाचा पूर्ण तोटाही नाही. म्हणून १६:९च्या टीव्हीवरही सिनेमास्कोप पाहताना पट्ट्या राहतातच. उंचीचा सुमारे चौथा हिस्सा काळा राहतो. तो टीव्हीचा दोष नव्हे आणि डीव्हीडीचाही नव्हे.

आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात उभ्या दिशेने ५७६ ओळी असतात. साध्या लेटरबॉक्समध्ये त्यांतल्या पुष्कळ ओळी काळी पट्टी रंगवण्यातच खर्च होतात आणि सिनेमास्कोप चित्राला सुमारे ३२७ ओळी उरतात. ‘अ‍ॅनामॉर्फिक’ डीव्हीडीवर चित्र घडी करून ठेवलेले असते, म्हणून त्याच चित्राला सुमारे ४३६ ओळी मिळतात. एक तृतीयांश अधिक. सतरंजीची घडी उलगडावयाचे काम प्लेअरचे आणि टीव्हीचे. तेव्हा पडद्यावर सगळी माणसे उंच आणि किडकिडीत दिसू लागली, तर डीव्हीडी बिघडली असे समजू नये. प्लेअरच्या मांडणीत ‘टीव्हीचा आकार’ असे एक कलम असते; तेथे आपला टीव्ही ४:३ की १६:९ ते बरोबर सांगावे.

याची उलट चूक आज घरोघरी चालते. रुंद टीव्हीवर जुना ४:३ कार्यक्रम लावला की दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या येतात. लगेच कोणीतरी रिमोट उचलतो आणि चित्र ताणतो. मग प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जाडा होतो. १९८७चे ‘रामायण’ २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने पुन्हा दाखवले, तेव्हा पुष्कळ घरांत राम-लक्ष्मण वनवासातही अंगाने भरल्यासारखे दिसले ते या बटणामुळे! दुसरे बटण ‘झूम’चे. ते ताणत नाही, वर-खाली मिळून चौथा हिस्सा कापते. ‘संत तुकाराम’च्या शेवटी तुकोबा वर वर वैकुंठाला जातात. झूमचे बटण दाबून आपण वरचा भागच कापून टाकला, तर त्यांनी जावयाचे कोठे?

अमेरिकेतल्या जुन्या कॅसेटींच्या सुरुवातीस एक वाक्य येत असे. हा चित्रपट मूळ स्वरूपात नाही, तो आपल्या पडद्यावर बसावा म्हणून त्यात बदल केला आहे, असा त्याचा आशय. ते वाक्य कंपन्यांना आपणहून सुचले नव्हते. कृष्णधवल चित्रपट रंगवणे, कडा कापणे यांविरुद्ध तेथल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने, म्हणजे एका कामगार संघटनेनेच, आवाज उठवला. १९८८ साली तेथे कायदा झाला. निवडक महत्त्वाच्या चित्रपटांत असे बदल केले, तर तसे जाहीर करणे त्या कायद्याने भाग पडले. आणि पुढे १९९०च्या दशकात ती सूचना सर्रास दिसू लागली. वुडी अ‍ॅलन यांनी तर आपला ‘मॅनहटन’ कॅसेटवर पट्ट्यांसह पूर्णच निघाला पाहिजे असा आग्रह धरला आणि तो तसाच निघाला. ज्याने चौकट बसवली, त्याचे त्या चौकटीवर काही म्हणणे असते, एवढे यातून मान्य झाले.

आपल्याकडे काय आहे? आमच्या आवडीचा कायदा म्हणजे वजनमापांचा. २००९चा कायदा आणि २०११चे नियम यांनुसार बिस्किटाच्या पुड्यावरही निव्वळ वजन छापावे लागते. व्हिडिओविषयी कॉपीराइट कायद्यात १९८४ साली ५२-अ हे कलम घातले. त्यानुसार कॅसेटवर किंवा तिच्या वेष्टनावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, ती काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कदाराचे नाव-पत्ता छापला पाहिजे. चौकट कापली की नाही, ते सांगण्याचे बंधन त्यात नाही. त्याच कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्यास धरले आहे. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार तेथे कर्ते नाहीत. म्हणजे मालक कोण ते पाकिटावर यावयाचे. पण कारागिराने बनवलेला माल पूर्ण आहे की अपुरा, ते यावयाचे नाही. हे आम्हां कामगारांना फारसे अनोळखी नाही. या कलमाचा ग्राहकाला एक उपयोग मात्र होतो. सुरुवातीस जे प्रमाणपत्र दिसते त्यावर लांबी मीटरमध्ये असते, आणि कित्येक प्रमाणपत्रांवर ‘सिनेमास्कोप’ हा शब्दही असतो. प्रमाणपत्रावर सिनेमास्कोप असेल आणि पुढे आपला ४:३चा टीव्ही काठोकाठ भरला, तर कपात कोठे झाली ते आपले आपण ओळखावे.

मग मागावयाचे काय? मागणी लहान आहे आणि तीन ओळींत मावते. मूळ चित्राचे प्रमाण किती. या प्रतीचे प्रमाण किती. आणि दोन्हींत फरक असेल तर काय कापले किंवा वाढवले. पाकिटे जात चालली असली तरी ही मागणी शिळी नाही. आज चित्रपट तारेवाटे आणि हवेतून घरात येतो, तेथे तर पाकीटही नाही. म्हणून ती तीन ओळींची माहिती चित्राआधी पडद्यावर यावी. कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत साल पाहावे, आकडा पाहावा, त्रैराशिक मांडावे आणि पट्टी दिसताच रिमोट उचलू नये.

त्या फोटोचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. कापलेली टोके अर्थातच मिळाली नाहीत. पुष्कळ विचारपूस केल्यावर डोंबिवलीत एका जुन्या सोबत्याच्या पेटीत त्याची पूर्ण प्रत सापडली. आमच्यातल्या एका सुताराने भिंतीवरची जागा मोजून नवी चौकट केली. तो म्हणाला, “भाऊ, फोटो सबंध बसवायचा तर वर-खाली कोरा कागद दिसेल. चालेल का?” आम्ही म्हणालो, “दिसू दे.” मग वहिनींना निरोप पाठवला. त्या आल्या, उजव्या टोकाशी गेल्या आणि लगेच बोट ठेवून म्हणाल्या, “हे बघा, हे.” खांद्यावर पंचा टाकून ते उभे होते; अर्धा खांदा फोटोच्या कडेला लागलेला.

वर-खाली कोरी पट्टी असलेला तो फोटो आमच्या कचेरीत आजही आहे. नवीन येणारा माणूस कधी कधी विचारतो, एवढी जागा फुकट का सोडली? त्यास आम्ही टोकाची माणसे दाखवतो.